गोव्यातील मुलांच्या फुटबॉल स्पर्धेसाठी पंच म्हणून येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डिचोलीचा राहणारा असून गेली बरीच वर्षे मुलांच्या सामन्यांत कधी शिट्टी, तर कधी झेंडा घेऊन उभा राहतो. मे महिन्याची सुटी किंवा नाताळ जवळ आला, की कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडी आणि पुण्याकडच्या पंचांचे फोन येऊ लागतात. सगळ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवत आहे.

गोव्यात पंचांची उणीव नसताना बाहेरून का बोलावतात?

फुटबॉल हा २०१२ पासून गोव्याचा अधिकृत राज्यखेळ आहे, पण तो गावागावांत रुजला त्याला त्याआधी कित्येक पिढ्या लोटल्या आहेत. येथे वाड्यावाड्यांत संघ आहेत आणि राज्य एवढे लहान आहे, की कोणत्याही सामन्यात पंचाचा भाचा, शेजाऱ्याचा मुलगा किंवा बायकोच्या माहेरचा कोणीतरी एका संघात असतोच. पंच कितीही सरळ असला तरी शेवटच्या मिनिटाला दिलेल्या पेनल्टीचा अर्थ लोक नात्यावरून लावतात. म्हणून उपांत्य आणि अंतिम सामन्यांसाठी आयोजकांना कोणाच्याच गावचा नसलेला माणूस हवा असतो. तुमचे हे परकेपण हेच तुम्हाला बोलावण्याचे खरे कारण आहे. ते लक्षात ठेवले, की पुढच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

माझ्या संघटनेची परवानगी घ्यावी लागते का?

घ्यावी. तुमची नोंदणी ज्या राज्य किंवा जिल्हा संघटनेकडे आहे, तिच्या रेफरी मंडळाला स्पर्धेचे नाव, तारखा आणि वयोगट लेखी कळवा आणि त्यांचे ना हरकत पत्र सोबत ठेवा. स्पर्धेला गोवा फुटबॉल असोसिएशनची मान्यता आहे का, हेही आयोजकांना आधीच विचारा. मान्यता नसलेल्या स्पर्धेत काही वादंग उद्भवले, तर तुमच्या बाजूने बोलायला कोणी उरत नाही.

गोव्यात पोहोचण्यासाठी कोणता मार्ग सोयीचा?

मैदान कोणत्या तालुक्यात आहे हे विचारल्याशिवाय तिकीट काढू नका, कारण ‘गोव्यात सामना आहे’ एवढ्याने काहीच ठरत नाही. पेडण्यापासून काणकोणापर्यंतचे अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. कोकण रेल्वेने येणाऱ्यांनी मैदान म्हापसा किंवा डिचोलीकडे असेल तर थिवीला, पणजी परिसरात असेल तर करमळीला आणि सासष्टीत असेल तर मडगावला उतरावे. सर्वच गाड्या करमळीला थांबत नाहीत, तेव्हा थांबा पाहून घ्यावा. मुंबईकरांना रात्रीची कोकणकन्या सोयीची पडते. पुणे, सातारा, सांगली, मिरज आणि बेळगावच्या मंडळींना गोवा एक्स्प्रेस लोंढा, कॅसलरॉक, कुळे या मार्गाने मडगाव आणि वास्कोला आणून सोडते. कोल्हापूरहून थेट गाडी नसल्यामुळे तिकडचे बहुतेक पंच आंबोली घाटातून सावंतवाडीमार्गे येतात, तर बेळगावकर चोर्ला घाट उतरून साखळीत पोहोचतात.

विमानाने येणाऱ्यांनी तिकिटावरचा विमानतळ दोनदा वाचावा. दाबोळी दक्षिणेला वास्कोजवळ आहे, तर ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झालेला मोपाचा विमानतळ उत्तर टोकाला पेडणे तालुक्यात आहे. मोप्याला उतरून मडगावचा सकाळचा सामना गाठण्याच्या धावपळीत एका पंचाला टॅक्सीतच मोजे चढवावे लागले होते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्यांचा वेग कमी केलेला असतो, हेही धरून चालावे.

सामन्याच्या दिवशी सकाळी पोहोचलो तर चालेल का?

नाही. रात्रभर बसून आलेल्या पंचाचे पाय पहिल्या अर्धात साथ देतात आणि दुसऱ्या अर्धात तो मध्यवर्तुळातूनच ऑफसाइड पाहू लागतो. आदल्या दिवशी दुपारपर्यंत या, संध्याकाळी मैदान पाहा आणि लवकर झोपा.

राहण्याची सोय कोण करते? एखाद्या संघाने जेवायला बोलावले तर जावे का?

राहण्याची सोय आयोजकांनी करायची असते. ती कोठे आहे, खोलीत किती जण असतील, मैदान किती दूर आहे आणि सकाळी वाहन येणार का, हे सर्व निघण्यापूर्वी लेखी मागून घ्या. मोबाइलवरचा संदेश पुरेसा असतो, तोंडी आश्वासन मात्र पुरत नाही. एका स्पर्धेत आम्हा चौघांना ‘उत्तम खोली’ सांगून एका सभागृहाच्या मंचामागे गाद्या घालून दिल्या होत्या, आणि त्या रात्री सभागृहात एका लग्नाचे स्वागत होते. बँड रात्री साडेअकराला थांबला. दुसऱ्या दिवशी साडेसातच्या सामन्यात मी एक सरळ दिसणारा हँडबॉल सोडला आणि त्याचे कारण कोणालाही सांगता आले नाही.

आता जेवणाविषयी. गोव्याचा माणूस पाहुण्याला उपाशी जाऊ देत नाही. प्रशिक्षक, एखाद्या मुलाचे वडील किंवा संघाचा आश्रयदाता अगदी निर्मळ मनाने म्हणेल, ‘सर, आज रात्री आमच्याकडे सुंगटांचे हुमण आहे, या.’ स्पर्धा संपेपर्यंत हे निमंत्रण हात जोडून नाकारा. त्या घरची कोळंबीची आमटी तुमचा निर्णय फिरवील असे मला म्हणायचे नाही. पण तुम्ही त्या ओसरीवर बसलेले पाहून दुसऱ्या संघाच्या मुलांना जे वाटेल ते तुम्हाला मग कितीही शिट्ट्या वाजवून पुसता येणार नाही. हाच नियम स्कूटरवरून सोडण्याच्या प्रेमळ आग्रहालाही लागू आहे. शहाळेसुद्धा आयोजकांच्याच हातून घ्या. स्वस्त दारूच्या मोहाविषयी वेगळे लिहायला नको. सकाळी तुमच्या समोर बारा वर्षांची मुले रांगेत उभी असणार आहेत.

गोव्यात एका ठिकाणाहून दुसरीकडे कसे जावे?

पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा आणि वास्को या शहरांदरम्यान कदंबच्या (गोवा सरकारच्या) आणि खासगी बसगाड्या दिवसभर मिळतात, परंतु गावांकडच्या बसगाड्या संध्याकाळनंतर झपाट्याने कमी होतात. टॅक्सी महाग पडते. एकट्या माणसाला छोट्या अंतरासाठी ‘पायलट’, म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटारसायकलची टॅक्सी, बरी पडते. फक्त बॅग पाठीला घट्ट बांधा. दुचाकी भाड्याने घ्यायची असेल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेलीच घ्या, कारण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणे बेकायदेशीर आहे आणि पोलीस ती अडवतात.

बॅगेत काय काय असावे?

दोन वेगळ्या रंगांचे सदरे अवश्य आणा, कारण काळा सदरा चालेलच याची खात्री नसते. गडद निळ्या किंवा काळ्या गणवेशाचे संघ येथे पुष्कळ आहेत. मोज्यांचे तीन जोड, दोन घड्याळे, पिवळे आणि लाल कार्ड, छोटी वही, नाणेफेकीचे नाणे, झेंड्यांची जोडी, चेंडूतील हवा मोजण्याचे साधन आणि पंप एवढे असावे. पेनऐवजी शिसपेन्सिल ठेवा, कारण ओल्या कागदावर शाई पसरते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी पाच नंबरचा चेंडू असतो, ज्याचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. लहान गटांना चार नंबरचा देतात. चेंडू आयोजकांचा असला तरी हवा तुम्हीच तपासायची असते.

शिट्टीबद्दल थोडे अधिक सांगतो. माझ्याकडे पूर्वी आत बुचाची गोळी असलेली जुनी शिट्टी होती आणि तिचा आवाज मला फार आवडे. जुलै महिन्यातील एका सामन्यात पाऊस सुरू झाला, ती गोळी भिजून फुगली आणि पेनल्टी क्षेत्रात एका मुलाला स्पष्टपणे पाडले गेले तेव्हा शिट्टीतून नुसती हवा गेली. मी हात वर करून ओरडत धावलो; तोपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला पोहोचला होता आणि तिथे गोलही झाला होता. तो गोल रद्द करून पेनल्टी द्यावी लागली, आणि पुढची पंधरा मिनिटे मैदानाबाहेर काय चालले होते ते न लिहिलेले बरे. तेव्हापासून मी गोळी नसलेल्या दोन शिट्ट्या बाळगतो, एक मनगटाला आणि एक खिशात.

कोणत्या ऋतूत काय अपेक्षित असते?

मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास येतो आणि जुलैमध्ये सर्वाधिक कोसळतो, नेमक्या त्याच काळात शाळांच्या स्पर्धा सुरू असतात. हिरवळीखाली चिखल असतो, तेव्हा लांब खिळ्यांचे बूट हवेत. रात्री त्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा. विजा कडाडू लागल्यास खेळ थांबवून मुलांना पक्क्या छपराखाली न्या आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर अर्धा तास थांबा. प्रशिक्षकाने कितीही घाई केली तरी यात तडजोड करू नका.

उन्हाळ्यात त्रास उन्हापेक्षा दमटपणाचा अधिक असतो, कारण घाम वाळतच नाही. नियमांनुसार पाणी पिण्यासाठीचा थांबा एक मिनिटापर्यंतचा आणि शरीर थंड करण्यासाठीचा थांबा दीड ते तीन मिनिटांचा असू शकतो, आणि तेवढा वेळ शेवटी जोडायचा असतो. मुलांच्या सामन्यात एप्रिल-मेमध्ये हे थांबे द्यावेतच. डिसेंबरमध्ये हवा उत्तम असते, परंतु सूर्य सहा वाजून गेल्यावर लगेच मावळतो. पाचचा सामना वीस मिनिटे उशिरा सुरू झाला आणि मैदानावर दिवे नसले, तर टायब्रेकर अंधारात घ्यावा लागेल, हे आयोजकांना दुपारीच सांगा.

गावातील मैदान तपासताना काय पाहावे?

सर्वप्रथम गोलपोस्ट हलवून पाहा. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेले असले पाहिजेत, अशी नियमांतच अट आहे, कारण आडव्या दांड्याला लोंबकळणाऱ्या मुलावर संपूर्ण गोलपोस्ट कोसळू शकतो. येथे त्यासाठी रेतीची पोती वापरतात. ती असतील तर पुरेशी जड आहेत का, हे स्वतः उचलून बघा.

त्यानंतर रेषेबाहेरची जागा पाहा. गोव्यातील पुष्कळ मैदाने चर्चच्या किंवा देवळाच्या बाजूला असतात, किंवा भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या शेतात आखलेली असतात. रेषेपासून दोन हातांवर चिऱ्यांचा गडगा, काटेरी तार किंवा माड आढळतो. चिरा, म्हणजे आमचा जांभा दगड, सुकल्यावर किसणीसारखा असतो आणि वेगाने घसरत गेलेल्या मुलाचा गुडघा सोलून काढतो. तेथे रेषा आत घ्यायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला आहे. माडांवर नारळ लागले असतील तर राखीव खेळाडूंचे बाक त्यांच्याखाली ठेवू नका. सावलीच्या लोभाने ते हमखास तिथेच मांडलेले असतात.

कुत्र्यांचा विषय हसण्यावारी नेऊ नये. कुत्रा मैदानात शिरून खेळात अडथळा आणत असेल तर खेळ थांबवून ड्रॉप बॉलने, म्हणजे पंचाने हातातून चेंडू खाली टाकून, पुन्हा सुरू करावा. मात्र चेंडू गोलात जात असताना कुत्र्याला लागला, तरी त्यामुळे बचाव करणाऱ्या खेळाडूला चेंडू खेळण्यास अडथळा झाला नसेल आणि चेंडू गोलात गेला, तर तो गोल धरावा लागतो. हा नियम सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना सांगितला, तर मुले हसतात, पण प्रसंग आल्यावर भांडत नाहीत.

मुलांच्या सामन्यांचे नियम वेगळे असतात का?

मूळ नियम तेच असतात. परंतु मैदानाचा आकार, गोलपोस्ट, चेंडू, खेळाचा कालावधी आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेणे यांत स्पर्धा समितीला बदल करता येतो. दोन्ही अर्ध मात्र समान कालावधीचेच हवेत. काही ठिकाणी पिवळ्या कार्डाबरोबर खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवतात. तो वेळ एकूण खेळाच्या १० ते १५ टक्के असतो, म्हणजे चाळीस मिनिटांच्या सामन्यात चार ते सहा मिनिटे. गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक वेळ चेंडू हातात धरल्यास विरुद्ध संघाला कॉर्नर किक देण्याचा नियम २०२५-२६ च्या हंगामापासून आला आहे, आणि शेवटची पाच सेकंदे पंचाने हात वर करून बोटांनी मोजून दाखवायची असतात. हा नियम स्पर्धेत लागू आहे का, हे आदल्या दिवशीच्या बैठकीत विचारा आणि दहा वर्षांच्या गोलरक्षकाला पहिल्या खेपेस बोलून समजावा.

गळ्यातील क्रॉस किंवा मनगटावरचा दोरा काढायला लावावा का?

होय, आणि हा प्रश्न गोव्यात रोज येतो. अंगावरील सर्व दागिने काढलेच पाहिजेत, त्यावर चिकटपट्टी लावूनसुद्धा चालत नाही, असे नियम सांगतो. पण कसे सांगायचे, हे तुमच्या हातात आहे. सासष्टीतील एका सामन्यापूर्वी तपासणी करताना एका मुलाने गळ्यातील छोटा क्रॉस मुठीत घट्ट धरला आणि मान हलवली. तो त्याच्या आजीने दिलेला होता. मी सगळ्या मुलांसमोर काही बोललो नाही. त्याला बाजूला नेऊन विचारले, की सामना होईपर्यंत हा कोणाच्या हाती सुरक्षित राहील. तो प्रेक्षकांत बसलेल्या आजीपर्यंत धावत गेला, तिने क्रॉस पदराच्या टोकाला बांधला आणि मुलगा परत रांगेत आला. शेजारच्या दोन मुलांनी देवळातून बांधून आणलेले मनगटावरचे दोरे न सांगता उतरवले. मुलींच्या कानातील डूल काढायला वेळ लागतो, म्हणून तपासणी सामन्याच्या पंधरा मिनिटे आधी सुरू करा.

पालक आणि प्रशिक्षक आरडाओरडा करू लागले तर काय करावे?

प्रशिक्षकाला कार्ड दाखवण्याचा अधिकार तुम्हाला आहे, पालकांना नाही. पालकांसाठी खेळ थांबवून आयोजकांना बोलवावे आणि त्या गृहस्थांना रेषेपासून दूर न्यायला सांगावे. तरीही आटोक्यात न आल्यास सामना स्थगित करता येतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवरच्या पेठांच्या गर्दीत उभ्या राहिलेल्या पंचाला येथील गर्दीचे काही वाटणार नाही. फरक एवढाच, की इथे ओरडणारा माणूस पुष्कळदा स्वतः वरच्या पातळीवर खेळलेला असतो आणि नियम त्याला तुमच्याइतकेच येतात. त्याच्याशी वाद घालू नका.

कोकणी येत नसेल तर अडते का?

फारसे नाही. पेडणे, डिचोली, सत्तरी भागांत मराठी सहज चालते. सासष्टीत मुले कोकणी आणि इंग्रजीत बोलतात. ‘राव’ म्हणजे थांब, ‘उदक’ म्हणजे पाणी आणि जखमी मुलाजवळ वाकून विचारायचे ‘खंय दुखता?’ म्हणजे कोठे दुखते, इतके पुरते. शेवटचे वाक्य नीट पाठ करा.

एका दिवसात किती सामने घ्यावेत आणि काय खावे?

मुख्य पंच म्हणून दोन आणि साहाय्यक म्हणून एक, याहून अधिक घेऊ नये. सकाळी भाजी-पाव उत्तम. दुपारी दोन सामन्यांच्या मध्ये शीत-कडीचे, म्हणजे भात-आमटीचे, भरगच्च ताट घेऊ नका; थोडा भात, सोलकढी आणि केळी पुरे. छोट्या गावांतील दुकाने दुपारी एक ते चार बहुधा बंद असतात, तेव्हा मीठ-साखरेच्या पुड्या सकाळीच घ्या.

महिला पंचांसाठी काही वेगळी काळजी?

कपडे बदलण्याची स्वतंत्र, कडी लागणारी खोली आणि स्वतंत्र निवास यांची मागणी होकार देण्यापूर्वीच करावी. गोव्याच्याच युवेना फर्नांडिस यांनी २०१६ मध्ये जॉर्डनमधील सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले, त्यामुळे महिला पंच येथे नवलाईची गोष्ट नाही; तरी सोयी सगळीकडे तिच्यामागोमाग आलेल्या नाहीत.

मुलाला दुखापत झाली किंवा गैरवर्तन दिसले तर?

डोक्याला मार लागला असेल तर खेळ त्वरित थांबवा आणि मूल ‘मी बरा आहे’ म्हणाले तरी त्याला त्या दिवशी पुन्हा खेळू न देण्याचा आग्रह धरा. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८ आहे. प्रशिक्षकाने मुलाला मारल्याचे दिसले तर ते अहवालात लिहा आणि आयोजकांना तत्काळ कळवा; गोव्यात २००३ चा स्वतंत्र बाल कायदा आहे, आणि मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. तुम्ही स्वतःही कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटे राहू नका आणि त्यांची छायाचित्रे काढून पाठवत बसू नका.

मानधन आणि प्रवासखर्च कधी मागावा?

मानधनाचा आकडा गोव्यात येण्यापूर्वीच ठरवावा आणि तिकिटे जपून ठेवावीत. अंतिम सामन्यानंतर बक्षीस समारंभात आयोजक कोणालाच सापडत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळीच हिशेब पूर्ण करा.

अहवाल घरी जाऊन पाठवला तर चालेल का?

मैदानावरच लिहून द्या. एकदा परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून मी वही खिशात टाकून निघालो आणि डब्यात बसून अहवाल लिहिला. पावसात भिजलेल्या पानावरचा खेळाडूचा क्रमांक सतरा मला अकरा वाटला. कार्ड एका मुलाला दाखवले होते आणि पुढच्या फेरीत बाहेर बसवले गेले ते भलत्याच मुलाला. मला ते दोन दिवसांनी फोनवर कळले, तोपर्यंत तो सामना होऊन गेला होता.